भयकाळातील विश्वास : यरुशलेमपासून केडगावपर्यंत

मराठीत 'तारण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि जतसारख्या गावात ते दोन्ही सारखेच परिचयाचे आहेत. देव भक्ताचे तारण करतो, असे बुवा कीर्तनात सांगतात. आणि पाऊस गेला म्हणजे शेतकरी सोसायटीत किंवा सावकाराच्या ओसरीवर आपली जमीन, नाही तर घरातला दागिना, तारण ठेवतो. एका अर्थात कोणी तरी आपल्याला सोडवतो. दुसऱ्या अर्थात आपण स्वतःला अडकवून घेतो. शब्द एकच, पण वाटा अगदी उलट. आजचा आमचा विषय वरवर पाहता फार दूरचा आहे. आजपासून सत्तावीसशे वर्षांपूर्वीचे यरुशलेम, तेथले राजे आणि त्या राजांना न भिता चार शब्द ऐकवणारा यशया नावाचा इब्री संदेष्टा. तथापि त्या साऱ्या हकिकतीचा पेच या एका मराठी शब्दात सापडतो, म्हणून त्याच्यापासूनच आरंभ केला.

प्रथम 'संदेष्टा' या शब्दाबद्दल. आपल्याकडे अनेकांची समजूत अशी आहे की, हे लोक ज्योतिष्यांप्रमाणे पुढे काय घडणार ते सांगत. ते काही अंशी खरे असले तरी त्यांचे मुख्य काम ते नव्हते. राजा चुकतो आहे, श्रीमंत गरिबांची शेते गिळंकृत करीत आहेत, न्यायाधीश लाच खात आहेत, आणि हे सर्व चालू असताना देवळात मात्र धूपदीप यथासांग होत आहे, हे भर चौकात बोलून दाखवणे हा त्यांचा धर्म. यशयाच्या नावाचे पुस्तक ६६ अध्यायांचे आहे. ते सगळे एका माणसाचे नव्हे, त्यातला उत्तरार्ध पुढच्या काळातला आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्या भागातला यशया हा इ. स. पूर्व ७४० ते ७०० या सुमाराचा, म्हणजे आपल्या गौतम बुद्धाच्याही आधीचा. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुहेत मेंढपाळांना ज्या जुन्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत या पुस्तकाची जवळजवळ पूर्ण अशी एक चामड्यावरची प्रत होती. तिची लांबी सात मीटरांहून अधिक आहे. या माणसाच्या नावाचा अर्थच मुळी 'यहोवा तारण करतो' असा आहे. असे नाव घेऊन भित्र्या राजाच्या राजधानीत राहणे सोपे नसावे.

यशयाचा देश म्हणजे यहूदा. आपल्या एकदोन जिल्ह्यांत मावेल एवढे ते राज्य. डोंगराळ, खडकाळ, आणि पावसावर सर्वस्वी अवलंबून. हिवाळ्यात पाऊस पडायचा तो पडला तर हौदांत पाणी. न पडला तर उन्हाळाभर आकाशाकडे पाहत बसणे. जत तालुक्याच्या पूर्वभागातल्या माणसाला हा देश समजावून सांगण्यासाठी नकाशा लागणार नाही. उत्तरेस इस्राएल व दमास्कसचे अराम ही जरा मोठी राज्ये, नैर्ऋत्येस मिसर, आणि दूर ईशान्येस तैग्रिस नदीच्या काठी अश्शूर हे त्या काळचे महाबलाढ्य साम्राज्य.

इ. स. पूर्व ७३५-७३४ च्या सुमारास अराम आणि इस्राएल यांनी अश्शूरविरुद्ध कट केला. यहूदाचा राजा आहाज कटात सामील होईना, तेव्हा त्याला गादीवरून खाली ओढण्यासाठी दोघे यरुशलेमवर चालून आले. ही वार्ता ऐकून राजाचे आणि प्रजेचे काळीज वाऱ्याने रानातली झाडे हलावीत तसे हलले, असे ग्रंथकार सांगतो. आहाज घाबरला, पण हात जोडून बसला नाही, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. यशया त्याला भेटला तो राजवाड्यात नव्हे. धोब्याच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाशी. तेथे राजा कशासाठी गेला असेल? वेढा पडण्यापूर्वी गावाच्या पाण्याची काय व्यवस्था आहे ते पाहण्यासाठी, दुसरे काय! भयाच्या काळात शहाणा राज्यकर्ता प्रथम पाणी तपासतो.

यशयाने आपल्या लहान मुलाला बरोबर नेले होते. त्या मुलाचे नाव 'अवशेष परत येईल' असे होते. म्हणजे हे नावही एक निरोपच. यशयाने राजाला सांगितले ते थोडक्यात असे : भिऊ नको, हे दोन राजे म्हणजे विझत आलेल्या, नुसता धूर सोडणाऱ्या कोलितांची टोके आहेत, पण तू विश्वासात टिकला नाहीस तर तू टिकणार नाहीस. या शेवटल्या वाक्यात मूळ इब्रीत एक सुंदर शब्दखेळ आहे. विश्वास ठेवणे आणि टिकून राहणे, दोन्ही क्रियापदे एकाच धातूची. ख्रिस्ती व यहुदी प्रार्थनेच्या शेवटी येणारा 'आमेन' हा शब्दही त्याच धातूचा. त्या धातूचा मूळ भाव पक्केपणाचा आहे. घराच्या खांबासारखा, ज्याच्यावर भार टाकला असता जो वाकत नाही. म्हणून इब्री भाषेत विश्वास म्हणजे मनात एखादी गोष्ट खरी मानणे एवढेच नव्हे. आपला भार कोणावर टाकायचा याचा तो निर्णय आहे.

आहाजाने भार टाकला तो अश्शूरच्या सम्राटावर. तिग्लथ-पिलेसराकडे त्याने जासूद पाठवले, मी तुमचा दास आणि तुमचा पुत्र आहे असे कळवले, आणि देवळातले व राजवाड्यातले सोनेरुपे नजराणा म्हणून पाठवून दिले. येथे आमच्या आरंभीच्या शब्दाचा दुसरा अर्थ येतो. तारणासाठी त्याने राज्यच तारण ठेवले! सावकार आला, त्याने इ. स. पूर्व ७३२ त दमास्कस घेतले, दहा वर्षांनी अश्शूरच्या फौजेने इस्राएलची राजधानी शोमरोनही घेतली. आहाजाचे शत्रू नाहीसे झाले खरे. पण आता अश्शूरची सरहद्द यहूदाच्या उंबरठ्याशी येऊन भिडली आणि वर्षाकाठी खंडणी सुरू झाली. व्यवहारी माणूस म्हणेल की, आहाजाने त्या घटकेला जे शक्य ते केले. आम्हांलाही त्याला मूर्ख म्हणवत नाही. पाण्यासाठी सरहद्दीपलीकडच्या राज्याकडे पाहण्याची वेळ आपल्याच तालुक्यातल्या काही गावांवर आली आणि २०२२ साली त्याची चर्चा दोन्ही राज्यांत झाली. ज्याचा घसा कोरडा पडला आहे त्याला दूर बसून उपदेश करणे सोपे असते. पण यशयाचे म्हणणे असे होते की, शिलोहाचे मंद मंद वाहणारे पाणी या लोकांना हलके वाटले, म्हणून आता महानदीचा पूर त्यांच्या गळ्यापर्यंत चढेल.

तो पूर आला इ. स. पूर्व ७०१ मध्ये. आहाजाचा मुलगा हिज्कीया गादीवर होता. त्याने खंडणी थांबवली आणि मिसरकडे मदत मागितली. अश्शूरचा सम्राट सन्हेरीब चालून आला. या मोहिमेचे एक वैशिष्ट्य असे की तिची हकीकत दोन्ही बाजूंची उपलब्ध आहे. सन्हेरीबाने आपला वृत्तान्त मातीच्या सहा पैलूंच्या स्तंभावर कोरून ठेवला. त्याची एक प्रत १८३० साली निनवेच्या अवशेषांत मिळाली आणि ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. यहूदाची ४६ तटबंदीची गावे जिंकली, २,००,१५० माणसे बाहेर काढली, आणि हिज्कीयाला त्याच्या राजधानीत पिंजऱ्यात कोंडलेल्या पाखरासारखे केले, असा त्याचा दावा आहे. आकडे फुगवलेले असतील. विजेत्याचे आकडे नेहमीच जेवून तट्ट झालेले असतात. पण लाखीश शहराचा पाडाव त्याने आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर चित्रशिल्पांत कोरून घेतला, ती शिल्पेही त्याच म्युझियममध्ये पाहावयास मिळतात. तटावर लागलेले उतरंडीचे बांध, वरून फेकल्या जाणाऱ्या मशाली, सुळावर चढवलेले कैदी, बैलगाड्यांवर गाठोडी आणि मुले घेऊन निघालेली कुटुंबे. हे सर्व यरुशलेमपासून दोनतीन दिवसांच्या पायवाटेवर घडत होते. तेथल्या लोकांचे भय हे कल्पनेतले नव्हते.

लाखीशहून सन्हेरीबाने आपला एक मोठा अधिकारी यरुशलेमला पाठवला. त्याच्या हुद्द्याचे नाव रब-शाके. तो येऊन कोठे उभा राहिला? त्याच वरच्या तळ्याच्या पाटापाशी, धोब्याच्या शेताच्या त्याच रस्त्यावर! बाप जेथे उभा राहून विश्वास ठेवू शकला नाही, तेथेच मुलाची परीक्षा मांडली गेली. ग्रंथकाराने ही जागा दोन्ही वेळा नेमकी सांगितली आहे, ती उगाच नव्हे.

रब-शाकेचे भाषण हा प्राचीन वाङ्मयातला मानसिक युद्धाचा एक अस्सल नमुना आहे. आम्हांला वाटते, राजकारणाच्या अभ्यासकांनी ते मुद्दाम वाचावे. तो विचारतो, तुमचा भरवसा कशावर आहे? मिसरवर? तो तर पिचलेला बोरू. त्याच्यावर हात टेकला तर हातातच घुसेल. तुमच्या देवावर? त्याचीच तर उंचावरची ठाणी तुमच्या राजाने मोडून टाकली. मी तुम्हांला दोन हजार घोडे देतो; त्यांच्यावर बसवायला तुमच्याजवळ माणसे आहेत का? आणि शेवटी सर्वांत जहरी बाण : मी तुमच्या देवाच्या सांगण्यावरूनच आलो आहे. आता गंमत पाहा. मिसर भरवशाचा नाही, हे यशया स्वतः कित्येक वर्षे ओरडून सांगत होता. अश्शूर हा देवाच्या हातातला दंड आहे, हेही यशयाचेच म्हणणे. म्हणजे शत्रूच्या तोंडी संदेष्ट्याचीच वाक्ये! खोट्याला फार थोड्या वेळा संपूर्ण खोटे बोलावे लागते.

हिज्कीयाचे कारभारी घाबरले. त्यांनी रब-शाकेला विनंती केली की, आपण अरामी भाषेत बोला, ती आम्हांला कळते. तटावरच्या लोकांना कळेल अशा यहुदी बोलीत बोलू नका. अरामी ही तेव्हाची दरबारी भाषा. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा घरात नांदवणाऱ्या जतकरांना या विनंतीतले मर्म लगेच उमगेल. कचेरीतली भाषा वेगळी आणि भयाची भाषा वेगळी. माणूस घाबरतो तो आपल्या आईच्या बोलीत. रब-शाकेने ते ओळखले आणि मुद्दाम आणखी मोठ्याने, लोकांच्याच बोलीत, तटावरच्या शिपायांना ऐकू जाईल असे सांगितले की, शरण या, म्हणजे प्रत्येकजण आपल्या द्राक्षवेलीचे आणि अंजिराचे फळ खाईल, आपल्या हौदातले पाणी पिईल. पुन्हा पाणीच. तटावरचे लोक काही बोलले नाहीत, कारण उत्तर देऊ नये अशी राजाची आज्ञा होती. त्या मौनाला आम्ही फार किंमत देतो. शांत राहण्यातच तुमचे बळ आहे, असे यशयाने पूर्वी सांगितले तेव्हा लोकांनी वेगवान घोड्यांची भाषा केली होती. आता घोडेही नव्हते आणि पळायला वाटही नव्हती.

तर मग विश्वास ठेवणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे काय? आपल्या सुशिक्षित समाजात भाविकपणावर जी टीका होते तिचा रोख येथेच असतो, आणि ती टीका रास्त आहे. याचे उत्तर यरुशलेमच्या जमिनीखाली आहे. गावाचा मुख्य झरा गीहोन. तो तटाबाहेर. वेढा पडला की झरा शत्रूच्या हाती जायचा. म्हणून खडकातून बोगदा खणून ते पाणी तटाच्या आत तळ्यात आणले गेले. हा बोगदा आजही आहे, त्यातून आजही पाणी वाहते आणि प्रवासी गुडघाभर पाण्यातून त्यात चालत जातात. त्याची लांबी सुमारे ५३३ मीटर, नागमोडी. एवढ्या अंतरात उतार अवघा फूटभर. १८८० साली तेथे पोहणाऱ्या मुलांना भिंतीवर एक प्राचीन इब्री लेख दिसला. सहा ओळींचा. त्यात राजाचे नाव नाही, देवाचे नाव नाही. कामगारांची हकीकत आहे. दोन टोळ्या दोन टोकांकडून खणत आल्या, तीन हात खडक उरला असता पलीकडच्या माणसांचा आवाज ऐकू आला, मग टिकावावर टिकाव भिडला आणि पाणी झऱ्याकडून तळ्याकडे वाहू लागले. अंधारात, दिव्याच्या धुरात, खडकापलीकडे आपल्या माणसाची हाक ऐकू येईपर्यंत खणत राहणे! आपल्याकडे विहिरीचे काम केलेल्या माणसाला त्या ओळी वाचून दाखवाव्यात. हा बोगदा हिज्कीयाच्या काळचा, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय कालमापनाचा निर्वाळाही तसाच पडला. त्याच धामधुमीत बांधलेली सात मीटर रुंदीची एक भिंतही उत्खननात सापडली आहे, आणि ती राहत्या घरांवरून नेलेली आहे. तटासाठी घरे पाडल्याचा उल्लेख यशयाच्या पुस्तकात आहेच.

यशयाने या बांधकामाची थट्टा केली नाही. त्याची तक्रार निराळी होती. तुम्ही घरे मोजली, तट डागडुजला, तळी भरली. पण ज्याने हे पाणी फार पूर्वी योजले त्याच्याकडे पाहिले नाही, असे तो म्हणाला. त्याहून त्याला चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. उद्या मरायचेच आहे, मग आज खाऊनपिऊन घेऊ, म्हणून लोक बोकड कापून मेजवान्या झोडू लागले. भय माणसाला दोन प्रकारे बिघडवते. एक तर तो कोणाचेही पाय धरतो, नाही तर बेफिकीर होतो. यशयाला दोन्ही नको होते.

यरुशलेम पडले नाही. ग्रंथात असे आहे की, एका रात्री देवदूताने अश्शूरच्या छावणीतले १,८५,००० लोक मारले. मिसरच्या बाजूने हेरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने ऐकलेली कथा अशी की, उंदरांनी सन्हेरीबाच्या फौजेच्या धनुष्यांच्या दोऱ्या कुरतडल्या. त्यावरून छावणीत साथ आली असावी असा तर्क काहीजण करतात. आणि सन्हेरीब स्वतः म्हणतो की, हिज्कीयाने ३० तालान्त सोने व ८०० तालान्त रुपे पाठवले. खुद्द इब्री ग्रंथांतील राजांच्या इतिहासातही खंडणी दिल्याची कबुली आहे; सोन्याचा आकडा तर तोच, रुप्याचा ३००. इतिहासकाराला चमत्कार सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही. पण एक गोष्ट निश्चित. ४६ गावे घेतल्याची मोजदाद करणारा सम्राट राजधानी घेतल्याचे म्हणत नाही. आणि भिंतीवर चित्र लाखीशचे आहे, यरुशलेमचे नाही. शहर वाचले, पण त्याभोवतालचा मुलूख उजाड झाला. लाखीशच्या बैलगाड्यांवरच्या बायकामुलांनीही त्याच देवाचा धावा केला असेल. तारणाची ही हकीकत सांगताना त्यांना वगळणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते.

शंभर वर्षांत या हकिकतीचा परिणाम उलटा झाला. देवाने एकदा हे नगर राखले, त्याचे मंदिर येथे आहे, तेव्हा हे पडणे शक्य नाही, अशी लोकांची ठाम समजूत झाली. विश्वासाचा विमा झाला. तेव्हा यिर्मया हा दुसरा संदेष्टा मंदिराच्या दाराशी उभा राहून सांगू लागला की, मंदिर मंदिर म्हणून जप करू नका. परक्याला, अनाथाला आणि विधवेला छळणे थांबवा, नाही तर हेही ठिकाण उद्ध्वस्त होईल. त्याला देशद्रोही ठरवून चिखलाच्या हौदात टाकले. हौदात पाणी नव्हते, केवळ चिखल होता. एका हबशी नोकराने जुन्या चिंध्या काखेत धरायला देऊन दोरांनी त्याला वर काढले. इ. स. पूर्व ५८६ त बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम जाळले. यशयाचे शब्द तेच राहिले आणि काळ बदलला. ज्याने शब्द पाठ केले पण काळ वाचला नाही, तो फसला. मात्र त्याच वेढ्यात यिर्मयाने एक व्यवहार केला. शत्रूची छावणी पडलेल्या आपल्या गावाकडचे, अनाथोथचे, एक शेत त्याने १७ शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. साक्षीदारांसमक्ष खरेदीखत केले, एक प्रत मोहरबंद, एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या मडक्यात घालून ठेवली, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. ज्या जमिनीवर उद्या शत्रूचे घोडे चरणार ती रोख पैसे मोजून घेणारा माणूस! विश्वासाची व्याख्या विचारणाऱ्याला आम्ही हे खरेदीखत दाखवू.

आता घराकडे वळू. इब्री परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार-तेली म्हणत; संकटसमयी एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने ते मलिद्याचा विधी करतात. त्यांच्यातला सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, हा कंपनी सरकारच्या फौजेत होता. तो टिपूच्या कैदेत सापडला. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्याने केल्याचे परंपरा सांगते. सुटल्यावर १७९६ साली त्याने मुंबईत मांडवी भागात बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग बांधले. मशीद बंदर या स्टेशनाच्या नावातली 'मशीद' ती हीच, असे पुष्कळांचे म्हणणे आहे.

आणि आपल्या शेजारी मंगळवेढ्याला दामाजीपंत आहेत. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी बादशाही कोठार रयतेला लुटवले आणि बेदरच्या दरबारात विठूने महाराच्या वेषात रकमेचा भरणा केला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला एक क्रम मात्र कीर्तनाच्या रंगात निसटतो. विठू धावला तो नंतर. दामाजीने कोठाराचे कुलूप आधी काढले होते, आणि ते काढताना आपले डोके जाणार हे त्याला माहीत होते.

हाच क्रम आम्हांला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसतो. १८५८ साली त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरणारे. १८७० च्या दशकातल्या मद्रास इलाख्यातील दुष्काळात हे कुटुंब अक्षरशः पाल्यावर दिवस काढीत होते. भीक मागायची नाही हा बाणा, आणि कष्टाचे काम कधी शिकवलेले नाही. दानधर्म, अनुष्ठाने, उपासतापास यांत जवळ होते नव्हते ते गेले. वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाईंनी हे सारे पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. देवावरचा विश्वास फसण्याचा हा अनुभव त्यांनी सोळासतरा वर्षांच्या वयात घेतला. तेव्हा पुढे त्यांनी जो विश्वास धरला, तो भोळ्या माणसाचा नव्हता. पोळलेल्या माणसाचा होता.

त्यांच्या धर्मांतराबद्दल महाराष्ट्रात कडू वाद झाले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, पुढे ते पुण्यास आले आणि १८९३ च्या सुमारास तेथील मुली ख्रिस्ती होऊ लागल्याचा गवगवा झाला. 'केसरी'ने कडाडून टीका केली. ज्यांनी मुली पाठवल्या त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटले, हे खोटे नव्हे. आम्ही त्या वादात येथे शिरत नाही. आम्हांला पाहायची आहेत ती १८९६ ते १९०० ही चार वर्षे. महाराष्ट्रावर ओळीने दुष्काळ, प्लेग आणि पुन्हा दुष्काळ कोसळले ती.

१८९६-९७ त मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या आणि त्यांनी पाहिलेल्या मुलींत त्यांना आपलेच बालपण दिसले. सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन त्या परतल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग. शहरात एवढी माणसे ठेवायला सरकारी परवानगी मिळेना. तेव्हा पुण्याच्या पूर्वेस केडगावला आधीच घेतलेल्या शंभरेक एकरांच्या जमिनीवर झोपड्या व छपरे उभारून त्यांना ठेवले. पैशाची बाजू पाहिली तर हे धाडस वेडेपणाचे होते. अमेरिकेतल्या त्यांच्या साहाय्यक मंडळीने दहा वर्षांची मदत कबूल केली होती आणि ती मुदत १८९८ मध्ये संपत होती. म्हणजे मिळकत थांबायच्या वेळीच खाणारी तोंडे वाढवली. ब्रिस्टलच्या अनाथालयाचा चालक जॉर्ज म्युलर याचे चरित्र त्यांनी वाचले होते. देवाचे काम असेल तर देव भागवील ही त्यांची निष्ठा. पण त्याबरोबर त्यांनी विहिरी खणल्या. लिंबू, संत्री, आंबा यांची झाडे लावली. विणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, छापखाना असे उद्योग काढले. यशया म्हणाला असता की, या बाईने तळेही भरले आणि तळ्याच्या धन्याकडेही पाहिले. आणि त्या गप्पही बसल्या नाहीत. पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीची काय दैना झाली, हे त्यांनी १८९७ साली मुंबईच्या वृत्तपत्रात उघड लिहिले. सरकारच्या वरिष्ठांना ते रुचले नाही. देवावर भार टाकणारा माणूस सरकारला भीत नाही, ही खूण इब्री संदेष्ट्यांपासून चालत आलेली आहे.

२४ सप्टेंबर १८९८ रोजी केडगावच्या घराचे रीतसर उद्घाटन झाले. नाव 'मुक्ती'. शब्द किती मोलाचा आहे पाहा. आपल्या शास्त्रांत मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ज्या बाईने शास्त्रे मुखोद्गत केली तिने तो शब्द उचलून भुकेल्या, केस कापलेल्या, टाकून दिलेल्या मुलींच्या घराच्या दारावर लावला. इब्रीतला तारणाचा शब्दही असाच जमिनीवरचा आहे. वेढ्यातून, उपासमारीतून, जुलमातून हात धरून बाहेर काढणे हा त्याचा पहिला अर्थ. परलोकाचा अर्थ मागाहून आला. १८९९-१९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळातल्या मुली आल्यावर मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. यांतल्या सगळ्याच जगल्या नाहीत; दुष्काळाने पोखरलेली शरीरे अन्न मिळाल्यावरही टिकत नाहीत, हे १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी एक निराळेच काम हाती घेतले. बायबलचे जे मराठी भाषांतर तेव्हा चालू होते त्याची भाषा खेड्यातल्या स्त्रियांना कळत नाही, असे त्यांचे मत होते. संस्कृताच्या या पंडितेने उतारवयात इब्री आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि सबंध ग्रंथ मुळावरून सोप्या मराठीत उतरवायला घेतला. रब-शाकेला जे कळले होते तेच त्यांनाही कळले : माणसाला भय ज्या बोलीत शिवते त्याच बोलीत धीरही पोचला पाहिजे. त्याने ते शस्त्र म्हणून वापरले. यांनी त्यासाठी सुमारे पंधरा वर्षे घालवली. नवा करार आधी छापून झाला. जुन्या कराराचे काम चालू असता १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाई स्वतः थकल्या होत्या, ऐकू कमी येत होते. तरी मुद्रिते तपासणे चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देह पडला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. तो केडगावलाच छापला गेला. आणि यशयाचे ६६ अध्याय त्या छापखान्यात ज्यांनी खिळा-खिळा जुळवून उभे केले, त्या मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या.